विद्यापीठातल्या स्टाफसाठी ट्रेनिंग लावायचंय, नुसता उपचार होऊ नये म्हणून काय करू?

आवक_जावक
नमस्कार मंडळी. मी एका विद्यापीठाच्या आस्थापना विभागात आहे आणि यंदा शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगचं घोंगडं माझ्या गळ्यात पडलंय. वरून आलेलं पत्र एका ओळीचं आहे, 'कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता वाढवण्यासाठी व्यावसायिक विकास प्रशिक्षण आयोजित करावे', बस्स. कोणाची कार्यक्षमता, कशातली, ती कमी आहे हे ठरवलं कोणी, काही नाही.

आजवर जे होत आलंय ते सगळ्यांना माहितीच असेल. मोठा हॉल, दोन दिवस, शिपायापासून उपकुलसचिवांपर्यंत सगळे एकत्र, बाहेरचे एक वक्ते, टाइम मॅनेजमेंट, स्ट्रेस मॅनेजमेंट, कम्युनिकेशन स्किल, मधे दोन खेळ, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. फीडबॅक फॉर्मवर झाडून सगळ्यांची 'उत्कृष्ट'वर टिक. आणि सोमवारी परीक्षा विभागाच्या खिडकीवर तीच रांग, तेच 'उद्या या', लेखा विभागातून बिलं त्याच त्रुटी दाखवून परत. वक्ते वाईट नसतात हो, हसतात लोक, पण कामात काही फरक पडलेला मी तरी पाहिला नाही.

तर विचारायचं असं की हे जरा बरं कसं करता येईल? गट पाडावेत का, ऑनलाइन कोर्स द्यावेत का, विषय कुठले ठेवावेत? आणि उपयोग झाला की नाही हे कळणार कसं, कारण शेवटी वर रिपोर्ट द्यायचा असतो आणि रिपोर्टात आकडा लागतो.

खिडकी_नंबर_चार
टाइम मॅनेजमेंट शिकवायला येणाऱ्याला आधी एक दिवस माझ्या खुर्चीत बसवा. समोर विद्यार्थी, कानाला फोन, मागून साहेबांचा निरोप की अमुक यादी आत्ताच्या आत्ता पाहिजे, आणि सॉफ्टवेअर असं की एकच माहिती तीन ठिकाणी भरायची. मागच्या वेळी ते चार चौकोन काढून दाखवले होते, तातडीचं, महत्त्वाचं वगैरे. माझ्या टेबलावरचं सगळंच पहिल्या चौकोनात जातं कारण तातडीचं काय ते मी ठरवतच नाही, दुसरं कोणीतरी ठरवतं. ज्याचा वेळ त्याच्या हातात आहे त्याला शिकवा की मॅनेज करायला.

एक ट्रेनिंग मात्र खरंच कामी आलं आणि ते ट्रेनिंग नव्हतंच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मेल मर्ज दाखवलं. तोपर्यंत मी प्रत्येक पत्रात नाव आणि क्रमांक हाताने बदलत होते, शेकडो पत्रं. तिने माझ्याच यादीवर करून दाखवलं, मग मला करायला लावलं, अडले तिथे थांबली. त्यासाठी ना हॉल लागला ना सर्टिफिकेट.

ट्रेनिंगवाला_जुना
बरीच वर्षं हेच काम केलंय म्हणून जरा लांब लिहितो, सहन करा.

आवक_जावक, तुम्ही 'विषय कुठले ठेवू' पासून सुरुवात करताय, सगळेच करतात. त्याऐवजी अडलेलं काम शोधा. कुठला अर्ज सगळ्यात जास्त वेळा परत जातो, कुठली फाईल शेरा मारून फिरत राहते, विद्यार्थी एकाच कामासाठी कितीदा येतात. असं एक काम पकडलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, की या माणसाला हे येत नाहीये की येतंय पण करता येत नाहीये? आमच्याकडे त्याची एक कसोटी सांगायचे, जिवावर बेतलं तर हा माणूस हे काम बरोबर करून दाखवेल का? दाखवणार असेल तर त्याला ट्रेनिंगची गरज नाही, अडचण दुसरीकडे आहे. फॉर्म वाईट आहे, सहीचे अधिकार चुकीच्या जागी आहेत, माणसं कमी आहेत, किंवा बरोबर केलं काय नि चूक केलं काय कोणी विचारतच नाही. यातलं एकही ट्रेनिंगने सुटत नाही. खिडकीताईंचं टाइम मॅनेजमेंटचं दुखणं यातलंच आहे, मेल मर्जचं मात्र खरोखर न येण्याचं होतं, म्हणून ते शिकवल्यावर लगेच फरक पडला.

दुसरं, फीडबॅक फॉर्म. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या, आवडलं का, शिकले का, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्याचा संस्थेला काही परिणाम दिसला का. आपली 'उत्कृष्ट'वाली टिक म्हणजे फक्त पहिली पायरी. ती सोपी असते म्हणून सगळे तिथेच थांबतात. लोकांना आवडलं म्हणजे ते शिकले असं धरून चालता येत नाही, आणि शिकले म्हणजे टेबलावर जाऊन तसं करतील हेही नाही.

ते का करत नाहीत यावर १९८८ चा बाल्डविन आणि फोर्ड यांचा एक आढावा आमच्या क्षेत्रात खूप सांगितला जातो. शिकलेलं कामात उतरतं की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं, शिकणारा माणूस कसा आहे, ट्रेनिंग कसं रचलंय, आणि परत गेल्यावर कामाची जागा कशी आहे. आपण सगळा पैसा मधल्या गोष्टीवर घालतो. तिसरी म्हणजे काय, तर साहेबांचा पाठिंबा आणि शिकलेलं वापरायची संधी. नवीन पद्धतीने टिपणी लिहून नेली आणि अधीक्षक म्हणाले 'हे नवीन फॅड इथे नको', की संपलं. त्यामुळे माझ्या मते तुमच्या कार्यक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हॉलच्या बाहेर आहे. ज्यांना पाठवणार त्यांच्या अधीक्षकाने आधी पंधरा मिनिटं त्यांच्याशी बोलायचं, की तू हे शिकून ये आणि आल्यावर अमुक काम तुझ्याकडे देतो. आल्यावर पुन्हा विचारायचं. अधीक्षक एवढंही करणार नसतील तर त्यांची माणसं यंदा नेऊ नका असं मी सरळ सांगेन, भांडण झालं तर झालं.

तिसरं, दोन दिवस सलग. हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. (त्यांनी निरर्थक अक्षरं पाठ केली होती, तेव्हा 'इतक्या दिवसांत इतके टक्के विसरतं' हे ट्रेनिंगला लावणाऱ्या स्लाइडवर विश्वास ठेवू नका.) आणि २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे काय, तर दोन दिवस ऐकवत बसण्यापेक्षा दीड-दीड तासाच्या बैठका दर आठवड्याला ठेवा, आणि प्रत्येक बैठक मागच्या वेळचं आठवून करून दाखवण्यापासून सुरू करा. स्लाइड नका, त्यांच्या टेबलावरची खरी फाईल आणायला सांगा.

नाइलाजाने_विभागप्रमुख
मी शिकवणाऱ्यांपैकी आहे, फेरपाळीने विभागप्रमुखपद आलंय. मला एकच म्हणायचंय, हे ट्रेनिंग फक्त शिक्षकेतरांनाच का? आम्हाला शिकवायचं कसं याचे कोर्स असतात, संशोधनाचे असतात, पण विभाग चालवायचा कसा हे मला कोणीही कधी सांगितलेलं नाही. बजेटचं शीर्षक म्हणजे काय, खरेदीला मंजुरी आधी की कोटेशन आधी, रजेचा अर्ज कुणाकडून कुणाकडे जातो, सगळं मी आमच्या विभागातल्या लिपिकाला विचारून शिकलो आणि त्यांचे तेवढे तास त्यात गेले.

लेखा विभागातून बिलं परत येतात म्हणताय ना, त्यातली निम्मी तरी आम्हा प्राध्यापकांनी अर्धवट भरलेली असणार असा माझा अंदाज आहे, कारण आम्ही सही करतो आणि कागद सरकवतो, जोडपत्रं बघत नाही. मग परत आलं की आरडाओरडा लिपिकावर. एखाद्या कामाचा पहिला कागद ज्याच्या हातून निघतो त्याला सोडून बाकी सगळ्यांना कार्यक्षम केलंत तर ती रांग हलणार कशी? आमच्यातले लोक यायचे नाहीत म्हणा, 'आम्ही काय क्लार्क आहोत का' म्हणतील. एक तासाचं ठेवा, विभागप्रमुखांना सक्तीचं करा, आणि शिकवायला लेखा विभागातल्याच कोणालातरी उभं करा. बाहेरचा वक्ता आणलात तर मीसुद्धा येणार नाही.

आवक_जावक
@नाइलाजाने_विभागप्रमुख सर, हे मी पत्रात लिहिलं तर माझी बदली होईल 😅 पण मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे.

@ट्रेनिंगवाला_जुना सर, खूप आभार, प्रिंट काढून ठेवलंय. पण अडचण अशी की साहेबांनी वक्ते आधीच ठरवलेत. त्यांनी पाठवलेल्या रूपरेषेत 'संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५' असं आहे, आणि एक सत्र 'तुमची लर्निंग स्टाइल ओळखा, तुम्ही बघून शिकणारे की ऐकून' यावर. हे खरं असतं का?

संध्याकाळची_लायब्ररी
ग्रंथालयात आहे, हे दोन्ही आमच्याकडे इतक्यांदा विचारून झालंय की उत्तर तयार आहे.

७-३८-५५ हे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधून आलंय. त्यात एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवायचे, चेहऱ्याचे फोटो दाखवायचे, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही ते ओळखायला सांगायचे. म्हणजे शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, तर माणूस भावना कशावरून ओळखतो एवढ्यापुरतं ते आहे. सगळ्या संवादाला हे लावू नका असं खुद्द मेहराबियनही सांगत आले. नाहीतर ९३ टक्के अर्थ देहबोलीत आणि आवाजात असता तर आपण परिपत्रकं काढतो कशाला, कुलसचिवांनी पायऱ्यांवर उभं राहून हातवारे केले असते तरी भागलं असतं.

लर्निंग स्टाइलचं म्हणाल तर २००८ मध्ये पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं. बघून शिकणाऱ्याला बघायला दिलं आणि ऐकून शिकणाऱ्याला ऐकायला दिलं तर ते जास्त शिकतात, हे नीट सिद्ध करणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. माणसाची आवड वेगवेगळी असते हे खरंय, पण कशाने शिकायचं हे कामावर जास्त ठरतं. फोनवर चिडलेल्या पालकाशी कसं बोलायचं हे बोलूनच शिकावं लागेल, आणि एक्सेल हात लावल्याशिवाय येत नाही, स्टाइल कुठलीही असो.

वक्ते ठरलेच आहेत तर त्यांना ही दोन सत्रं काढून त्याऐवजी खिडकीवरच्या खऱ्या प्रसंगांचा सराव घ्यायला सांगा. चांगले वक्ते असतील तर ऐकतील.

कागदपत्र_पूर्ण_आहेत_का
मी जरा उलट बोलते. इथे सगळे त्या दोन दिवसांच्या हॉलवर तुटून पडलेत, पण मला त्याचा फायदा झालाय. मी पात्रता विभागात, आणि आमच्या निम्म्या फायली परीक्षा विभागात जातात. तिथल्या माणसाचं फक्त नाव आणि शेरे माहीत होते, आणि शेरे वाचून तो महाखडूस असणार असं वाटायचं. ट्रेनिंगमध्ये शेजारी बसला. वक्ता काय बोलला काही आठवत नाही, पण तेव्हापासून शंका असली की फाईल परत यायच्या ऐवजी फोन येतो. ट्रेनिंगवाले सरांच्या चार पायऱ्यांत याला कुठे बसवणार सांगा!

तेव्हा हॉल रद्द करू नका, फक्त बसवायची पद्धत बदला. पदाप्रमाणे रांगा लावतात, पुढे अधिकारी, मागे लिपिक, शेवटी शिपाई, ती मोडा. त्याऐवजी एकेका कामाची साखळी एकेका टेबलाभोवती बसवा. समजा ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज. तो खिडकीवर घेणारा, शुल्क बघणारा, रेकॉर्डमधून जुनं रजिस्टर काढणारा, तपासणारा, सही करणारा, पोस्टात टाकणारा, सगळे एका टेबलावर. मधे एक मोठा कागद, आणि अर्ज कुठून कुठे जातो, कुठे किती दिवस पडतो ते त्यांनीच काढायचं. आमच्याकडे एकदा असं झालं तेव्हा कळलं की एक नोंद दोन वेगवेगळ्या टेबलांवर दोन रजिस्टरांत होते आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला ती लागते. दोघांनाही लागत नव्हती. रजिस्टर काढणाऱ्या शिपाईमामांना जेवढं माहीत होतं तेवढं अधिकाऱ्यांना नव्हतं, पण त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

ट्रेनिंगवाला_जुना
@कागदपत्र_पूर्ण_आहेत_का ताई, फोन यायला लागला म्हणजे वागणं बदललं, तिसरी पायरी झाली की! फक्त ती योगायोगाने झाली. तुम्ही सांगताय तशी साखळी बसवली तर ती ठरवून होईल. मान्य, हॉल राहू दे.

यात एकच सांभाळा, साखळीच्या टेबलावर सही करणारे साहेब बसले की बाकीचे गप्प होतात. पहिला तासभर त्यांना बाहेर ठेवा, कागद तयार झाला की बोलवा. आणि त्या कागदातून निघालेलं एक तरी काम, म्हणजे ते फालतू रजिस्टर बंद करणं वगैरे, महिन्याच्या आत खरंच व्हायला हवं. तसं झालं नाही तर पुढच्या वर्षी कोणी तोंड उघडणार नाही.

शिपाईमामांवरून आठवलं. दर विद्यापीठात अशी दोन-चार माणसं असतातच, सगळं त्यांच्या डोक्यात, आणि ती रिटायर झाली की विभाग आंधळा होतो. त्यांनी शिकवावं म्हणून त्यांना स्टेजवर उभं करू नका, घाबरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत रातोरात नवीन माणसं घ्यावी लागली तेव्हा १९४० पासून कारखान्यातल्याच मुकादमांना आणि अनुभवी कामगारांना शिकवायला शिकवण्याचा एक मोठा कार्यक्रम चालवला होता. त्याची पद्धत अजून कुठेही चालते, माणसाला तयार कर, काम टप्प्याटप्प्याने करून दाखव आणि हे असंच का करायचं तेही सांग, मग त्याच्याकडून करून घे आणि त्यालाच समजावून सांगायला लाव, शेवटी त्याला कामावर सोड पण अधूनमधून जाऊन बघ. त्यांचं एक ब्रीदच होतं, की शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. खिडकीताईंच्या शेजारणीने मेल मर्ज दाखवताना नकळत नेमकं हेच केलं होतं. शिकवण्याआधी एका कागदावर कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची खुबी लिहून काढायची, तो कागद नंतर विभागातच राहतो. आपल्याकडे मॅन्युअल म्हणून जे जाडजूड बाड असतं ते कोणी उघडत नाही, एक पानी कागद काचेखाली राहतो.

खिडकी_नंबर_चार
हो, ती 'का' सांगायची गोष्ट फार खरी आहे. मला पहिली पाच-सहा वर्षं माहीतच नव्हतं की एका अर्जावर ती दुसरी छायाप्रत कशासाठी घेतो. घ्यायची म्हणून घ्यायची. विद्यार्थी विचारायचा आणि मी म्हणायची 'नियम आहे'. कारण माहीत असतं तर नीट बोलले असते, चिडचिड निम्मी होते दोन्हीकडची. विनम्रतेचं वेगळं ट्रेनिंग लागत नाही हो, आपण काय करतोय हे माहीत असलं की माणूस आपोआप जरा बरा बोलतो.

आवक_जावक
बरंच डोक्यात बसतंय. आता साधारण असं ठरवतोय, वक्त्यांना अर्धाच दिवस, उरलेला दीड दिवस साखळीची टेबलं, आणि नंतर दीड-दीड तासाच्या बैठका, त्याही फक्त तीन कामांवर. अधीक्षकांशी आधी बोलणं मी स्वतः करतो. प्राध्यापकांचा तास गुपचूप 'विभागप्रमुखांशी सुसंवाद' नावाने घुसवतो 😄

पण तो आकडा? रिपोर्टला काय लिहू? परत गेलेल्या अर्जांची संख्या धरू का, आधीची आणि नंतरची?

ट्रेनिंगवाला_जुना
धरा, पण दोन गोष्टी बघून. एक, प्रवेशाच्या दिवसांतला आकडा आणि सामसूम असतानाचा आकडा शेजारी ठेवू नका, गर्दीचा फरक ट्रेनिंगच्या नावावर जाईल. मागच्या वर्षीचा तोच महिना घ्या, आणि नुसती संख्या नको, शंभर अर्जांमागे किती परत गेले ते घ्या. जमलं तर एक असं काम पण मोजा ज्यावर ट्रेनिंग झालंच नाही, तिथेही तेवढाच फरक दिसला तर समजायचं की कारण दुसरंच आहे.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, या आकड्यावरून कोणाला मेमो देऊ नका. एकदा लोकांना कळलं की परत पाठवलेले अर्ज मोजून टेबलावर बोट ठेवतायत, की अर्ज परत जायचे थांबतील पण नोंदवायचे थांबतील म्हणून, विद्यार्थ्याला तोंडीच सांगून हाकलतील. आकडा विभागाचा ठेवा, माणसाचा नको. आणि तीन महिन्यांनी पाच-सहा जणांशी जाऊन बसून बोला, काय वापरलं, काय वापरता आलं नाही, कोणी अडवलं. रिपोर्टात तो परिच्छेद आकड्याच्या वर टाका.

हां, आणि शेवटच्या बैठकीत सगळ्यांकडून एक वाक्य लिहून घ्या, 'जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन' अशा साच्यात. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलंय, नुसतं 'मी काम सुधारीन' म्हणण्यापेक्षा प्रसंग आणि कृती जोडून ठरवलं तर ते पार पडायची शक्यता जास्त असते. उदाहरणार्थ 'अर्ज हातात आला की पावती देण्याआधी जोडपत्रं मोजीन'. एवढं बारीक पाहिजे.

संध्याकाळची_लायब्ररी
आणि बैठका कामाच्या वेळेतच ठेवा, सुट्टीच्या दिवशी नकोत. सुट्टीत बोलावलं की लोक येतात ते रागावूनच. त्या दीड तासात खिडकीवर कोण बसणार तेही आधीच लिहून काढा, नाहीतर पहिल्याच फोनला अर्धा हॉल रिकामा होतो.

खिडकी_नंबर_चार
आणि दादा, निकालाच्या आठवड्यात तारीख धरू नका प्लीज. मागच्या वेळी धरली होती.